तरंगफलन आणि त्याचा निपात

पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) इलेक्ट्रॉन, अणू यांसारख्या प्रणालीची अवस्था ज्या संमिश्र मूल्यांच्या फलनाने मांडतात, ते तरंगफलन. मापन होताच ते मिळालेल्या निष्कर्षाशी जुळणाऱ्या अवस्थेत एकाएकी बदलते. या बदलाला तरंगफलनाचा निपात म्हणतात. फलनाचे समीकरण एर्व्हिन श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये दिले. फलनाच्या परममूल्याचा वर्ग म्हणजे संभाव्यता, हा माक्स बोर्न यांचा अर्थही त्याच वर्षीचा. त्यांच्या पहिल्या निबंधात वर्गाचा उल्लेख मुद्रितशोधनाच्या वेळी घातलेल्या तळटीपेत आहे.

निपाताच्या कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. पाठ्यपुस्तके ती बहुधा नील्स बोर व त्यांच्याभोवतीच्या भौतिकीविदांच्या कोपनहेगन गटाच्या नावे मांडतात. बोर यांच्या लेखनातला भर मात्र मापनसाधन व मापित वस्तू यांच्या अविभाज्यतेवर आहे; फलनातला आकस्मिक बदल त्यांनी सिद्धांताचा भाग मानल्याचे दिसत नाही. याउलट व्हेर्नर हायझेनबेर्क यांच्या अनिश्चिततेवरील १९२७ च्या निबंधात, प्रत्येक स्थाननिश्चितीने पसरलेले तरंगसंपुट (कण दर्शवणारा तरंगांचा समूह) पुन्हा आक्रसते, असे स्पष्ट विधान आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रुसेल्सच्या पाचव्या सॉल्व्हे परिषदेत आइन्स्टाइन यांनी मूलगामी हरकत घेतली: फटीतून निघून पडद्यावर सर्वत्र पोहोचलेला तरंग, एका बिंदूपाशी इलेक्ट्रॉन सापडताच, इतरत्र परिणाम घडवण्याचे तत्क्षणी कसे थांबवतो? जॉन फॉन नॉयमान यांनी १९३२ च्या ग्रंथात मापनजन्य बदल आणि श्रोडिंगर समीकरणानुसार होणारा अखंड बदल अशा दोन भिन्न प्रक्रिया मानल्या. म्हणून कल्पना हायझेनबेर्क यांची व गृहीतक फॉन नॉयमान यांचे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. एकाच मूल्याला अनेक अवस्था लागू पडतात तेव्हा वापरायचा नियम गेरहार्ट ल्यूडर्स यांनी १९५१ मध्ये सुधारला.

मापनसाधनही अणूंचेच बनलेले असते. मग त्याला वेगळा नियम का, हा खरा पेच आहे. डेव्हिड बोम (१९५२) व ह्यू एव्हरेट (१९५७) यांनी निपातच नाकारला. गिरार्दी, रिमिनी व वेबर यांनी १९८६ मध्ये तो वास्तव मानून समीकरणच बदलले. त्यांच्या मते एकट्या कणाचा निपात सरासरी १०^१६ सेकंदांतून, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांतून एकदा होतो. परंतु १०^२३ कणांच्या वस्तूत तो सेकंदाच्या कोट्यंशातच घडतो. परिसराशी होणाऱ्या परस्परक्रियेमुळे व्यतिकरण (तरंगांनी एकत्र येऊन एकमेकांना बळ देणे वा विझवणे) लोप पावते, हे १९७० पासून हाइन्झ-डीटर त्से व इतरांनी दाखवले. त्यातून अनेकांपैकी एकच निष्कर्ष का मिळतो, हे मात्र स्पष्ट होत नाही. लायोश दिओशी व रॉजर पेनरोझ यांनी निपाताचे कारण गुरुत्वाकर्षणात शोधले. त्या प्रतिमानाचे सर्वांत साधे रूप इटलीतील ग्रान सासो येथील भूमिगत प्रयोगाने २०२० मध्ये बाद ठरवले.