‘डेलाइट’ दिवा आणि रंग खरा दाखवणारा दिवा

इंदुरात जेल रोडवर फोटोसाठी एलईडी मागा. दुकानदार खोका पुढे करत म्हणणार, ‘भिया, एकदम डेलाइट है, कलर ओरिजनल आएगा.’ यातलं डेलाइट खरं असतं. ओरिजनल कलरचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. तरी महेश्वरी साड्या, बाग प्रिंटचे दुपट्टे घरून विकणारी आपली मंडळी याच भरवशावर पैसे मोजतात, आणि मग ‘फोटोत रंग वेगळा होता’ म्हणून पार्सल परत येतं.

केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, सगळ्यांना पाठ आहे. २७०० पिवळट, ६५०० निळसर पांढरा, दुपारचं ऊन साधारण ५५००. पुढे चला.

घोळ होतो तो सीआरआयपाशी. दिव्याच्या उजेडाचा स्वतःचा रंग केल्विन सांगतो. त्या उजेडात कापडाचे रंग किती खरे दिसतील, ते सीआरआय सांगतो, १०० पैकी गुण देऊन. जुना तारेचा बल्ब पिवळाधमक, २७०० केल्विनचा, पण सीआरआय जवळपास १००. घरातली पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब ६५०० ची, आणि सीआरआय बहुधा ८० च्या आसपास. फोटोसाठी यातला बल्ब बरा, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

पण पिवळेपणा कॅमेरा काढून टाकू शकतो. साडीशेजारी ग्रे कार्ड, म्हणजे करडं कोरं कार्ड ठेवा, त्यावरून व्हाइट बॅलन्स लावा, म्हणजे करडा कुठला ते कॅमेऱ्याला दाखवून द्या, झालं. जे उजेडात मुळातच नाही, ते मात्र कुठलाही कॅमेरा आणू शकत नाही. स्वस्त एलईडीत निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा थर असतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं भासतं, पण त्यात गडद लाल फार थोडा. धार जिल्ह्यातल्या बागचा तो अलिझरिनचा लाल आठवा. कापडावर लाल उजेड पडलाच नाही, तर ते परत काय पाठवणार? फोटोत रंग विटकरी येतो. मग सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, ओढायचं, म्हणजे लाल भडक होतो, खरा होत नाही, आणि जरीकाठ फुकटात नारिंगी. ते सॅच्युरेशनचं बटण काही लोकांच्या फोनमधून काढून घ्यायला हवं.

त्यात आणखी एक गोम. खोक्यावरचा सीआरआय हा आठ फिकट रंगांच्या गुणांची सरासरी असतो. गडद लाल, म्हणजे आर९, त्या आठांत धरतच नाहीत. त्यामुळे ८० सीआरआयच्या दिव्याचा आर९ शून्याजवळही असू शकतो. कपड्यांसाठी सीआरआय ९५ च्या वर आणि आर९ ९० च्या आसपास असलेला दिवा बघा. आर९ कुठेच छापलेला नसेल तर मी दिवा परत ठेवते. क्लॉथ मार्केटात आपल्या आया-मावश्या साडी दुकानाच्या दारात उजेडाला धरून बघतात, ती हीच परीक्षा.

वॉट आणि ल्यूमेनवरून, म्हणजे दिवा किती वीज खातो नि किती उजेड देतो यावरून, डोकं पिकवू नका. ट्रायपॉड असला की शटर जास्त वेळ उघडं ठेवून उजेड भरून काढता येतो. कॅमेरा डीएसएलआर की मिररलेस? जुना, चालू स्थितीतला कोणताही, सोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमीच्या किट लेन्ससकट, लेन्सचं छिद्र एफ८ वर ठेवून. रिंग लाइट चेहऱ्यांसाठी ठीक; दागिन्यांवर त्याचं पांढरं कडं उमटतं, तो घेऊच नका.

दिव्यालाच पैसे नसतील तर उत्तरेची खिडकी, समोरून उजेड परतवायला पांढरं कार्डशीट, आणि खोलीतले सगळे दिवे बंद. हे शेवटचं हमखास विसरतात. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकाच साडीवर पडला, तर एका व्हाइट बॅलन्सने दोन्ही सावरत नाहीत: काठ नीट केला की पदर बिघडतो.