जवसाचं तेल पाजलं की दार टिकतं?

नागपुरातल्या जुन्या सागवानी दारांबद्दल एक सल्ला हमखास मिळतो: वर्षातून एकदा जवसाचं तेल पाजा, वार्निशची गरजच नाही. हे अर्धंच खरं आहे. तेलाने लाकडाच्या रेषा खुलतात, पण ऊन अडत नाही आणि ओलही फारशी थांबत नाही. घाण्यावरचं कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं. तोवर त्यावर धूळ बसते आणि पावसाळ्यात बुरशी धरून काळे डाग पडतात. डबल बॉइल्ड (लवकर वाळावं म्हणून प्रक्रिया केलेलं) तेल साधारण दिवसभरात वाळतं, तेही घरातल्या फर्निचरलाच बरं.

अंगणाकडच्या दाराला यूव्ही-रोधक (उन्हातले अतिनील किरण अडवणारं), बाहेरच्या वापराचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं वार्निश लावा. आधी १२०, मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच. सागात मुळातच तेलकटपणा असतो, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी पहिला हात द्या, डब्यावर लिहिल्याइतका पातळ करून. मग दोन-तीन पातळ हात, मध्ये ३२० चा हलका पेपर. एकच जाड हात दिला की वरची साय आधी वाळते, खालचा थर ओला राहतो, सुरकुत्या पडतात. मे महिन्यात तापलेल्या फळीवर तर बुडबुडेच येतात. सकाळी, सावलीत काम करा. दाराची खालची कड विसरू नका, पाणी तिथूनच सर्वांत जास्त शोषलं जातं.

आणि हो, जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवा.