लिनक्स बसलं, पण लॅपटॉप उठेना

खानापूर, निपाणीकडची पोरं व्हीटीयूच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागली की घरून बहुधा सेकंड हँड लॅपटॉप मिळतो. सहा-आठ महिन्यांत विंडोज रेंगाळायला लागतं आणि रूमवरचा कुणीतरी म्हणतो, 'उबुंटू टाक की!' उबुंटू म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचाच एक प्रकार. पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केलं, आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'नो बूटेबल डिव्हाइस'. नाहीतर काही घडलंच नाही असं दाखवत विंडोजच उघडतं. बेळगावात दुकानात नेला तर 'हार्डडिस्क गेली' म्हणणारेही भेटतात. डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते.

बायोस म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम. 1981 च्या आयबीएम पीसीतलं बायोस अगदी साधं होतं. डिस्कचा पहिला 512 बाइटचा तुकडा वाचायचा आणि त्यात जे असेल ते चालवायचं. त्याच्या जागी आलेलं यूईएफआय तसं करत नाही. त्याला फाइली वाचता येतात. डिस्कवरच्या ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमधली, म्हणजे 'फॅट' पद्धतीने आखलेल्या वेगळ्या भागातली, एक ठरावीक फाइल ते चालवतं. कोणती, हे मात्र मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅम या कायम टिकणाऱ्या स्मृतीत लिहिलेलं असतं. म्हणजे फाइल एकीकडे, नोंद दुसरीकडे. घर बांधून झालं, पण पंचायतीच्या उताऱ्यावर चढलंच नाही, अशी गत इथे होते.

नोंद का चढत नाही? पेनड्राइव्हच चुकीच्या दारातून सुरू झालेला असतो, हे नेहमीचं कारण. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातल्या एकाच्या नावाबरोबर 'यूईएफआय' असतं. दुसरा निवडला की लिनक्सला वाटतं मशीन जुन्या बायोसचं आहे, आणि त्या अवस्थेत एनव्हीरॅमला हातच लावता येत नाही. पारख सोपी आहे: इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह लिनक्समध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समध्ये, 'सिस' (sys) फोल्डरच्या आतल्या 'फर्मवेअर' फोल्डरमध्ये 'ईएफआय' आहे का ते बघा. नसेल तर तिथेच थांबा, रीस्टार्ट करून योग्य ओळ निवडा.

काही मशीनवर नोंद नीट चढते, तरी फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचं यूईएफआयच, तिला जुमानत नाही. हा कंपन्यांचा निव्वळ आळस, दुसरं काही नाही. अशी मशीनं विंडोजची फाइल शोधतात, नाहीतर 'ईएफआय'मधल्या 'बूट' फोल्डरातली 'बूटएक्स64' ही राखीव फाइल. लिनक्सचा बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारी फाइल) त्या नावाने तिथे ठेवला की गाडी बहुधा चालू होते.

उरलं सिक्युअर बूट. 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर ते घरोघरी आलं. सुरू होताना मान्य डिजिटल सही नसलेली फाइल ते चालवत नाही, म्हणून उबुंटू, फेडोरासारखी लिनक्स मायक्रोसॉफ्टची सही असलेला 'शिम' हा छोटा प्रोग्रॅम पुढे करतात. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटने जुने शिम बाद केले आणि दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्या बऱ्याच जणांचं लिनक्स एका रात्रीत अडलं. जुनी आयएसओ (लिनक्स इन्स्टॉल करायची फाइल) भरलेला पेनड्राइव्हही त्याच कारणाने अडतो. अशा वेळी सिक्युअर बूट बंद करण्याआधी ताजी आयएसओ उतरवून बघावी.

बंद करायचंच ठरलं, तर आधी विंडोजच्या डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारा विंडोजचा प्रोग्रॅम, चालू आहे का ते तपासा. या बदलानंतर तो 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतो, आणि सेकंड हँड लॅपटॉपची ती की कदाचित आधीच्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडलेली असते.