आगगाडी पाहून प्रेक्षक खरंच पळाले होते का?

चित्रपट-दूरचित्रवाणीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला की एक किस्सा हमखास कानावर पडतो: चित्रपटाचे जनक मानल्या जाणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या खेळात पडद्यावर आगगाडी आली आणि ती अंगावर येणार या भीतीने प्रेक्षक खुर्च्या सोडून पळत सुटले. ऐकायला झकास, पण याला पुरावा नाही.

मुळात २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत झालेल्या त्या खेळात दहा फिती दाखवल्या गेल्या. त्यांत आगगाडी नव्हतीच. ती पडद्यावर आली १८९६ मध्ये. जर्मन अभ्यासक मार्टिन लॉयपरडिंगर यांनी याचा छडा लावला, तेव्हा घबराट उडाल्याची त्या काळातली एकही विश्वासार्ह नोंद हाती लागली नाही.

ती फीतच एकदा नीट पाहा. जेमतेम पन्नास सेकंदांची, मूक, कृष्णधवल. कॅमेरा फलाटावर आहे. इंजिन तिरपं येतं आणि डाव्या कडेने चौकटीबाहेर जातं. पुढे दिसतात ते उतरणारे-चढणारे प्रवासी.

रशियन लेखक मॅक्सिम गॉर्कीने १८९६ मध्ये ही फीत पाहून लिहिलं, की गाडी थेट आपल्यावर येतेय असं वाटतं, पण तीही सावल्यांचीच. म्हणजे धसका आणि भान, दोन्ही एकाच वेळी! मला हा किस्सा खटकतो तो याचसाठी. मॅजिक लँटर्नचे (काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचे) खेळ पाहून सरावलेल्या, पैसे मोजून नवं यंत्र बघायला आलेल्या माणसांना तो भोळसट ठरवतो.

उत्तरपत्रिकेत लिहायचाच असेल, तर आख्यायिका म्हणून लिहा.