मोनोक्लोनल प्रतिपिंड

एकाच बी पेशीच्या (प्रतिपिंड बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीच्या) वंशातून तयार झालेले, एकाच लक्ष्याला चिकटणारे, तंतोतंत सारखे प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, जंतूंना धरणारी शरीराची प्रथिने. सातारा-सांगलीच्या ऊसकऱ्याला ही कल्पना परकी नाही. उसाची लागण टिपरीने होते. एका डोळ्यातून फुटलेला कोंब मूळ उसाचीच प्रत असतो, म्हणून को ८६०३२ ही जात फलटणला लावा की वाळव्याला, ती तीच राहते. 'क्लोन' हा शब्दही डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

शरीराची रीत मात्र मिश्र पिकाची. जंतूच्या अंगावरची वेगवेगळी ठिकाणे वेगवेगळ्या बी पेशी ओळखतात. टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची मदत मिळाली की त्या लसिका ग्रंथींत वाढतात आणि घट्ट पकड असलेल्याच टिकतात. काही प्लाझ्मा पेशी होऊन प्रतिपिंड रक्तात सोडतात, काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे राहतात.

यातला एकच वंश वाढवणे अवघड होते, कारण अशी पेशी शरीराबाहेर काही दिवसांतच मरते. १९७५ साली केंब्रिजमध्ये गेऑर्ग कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी ती अखंड वाढणाऱ्या मायलोमा या कर्कपेशीशी जोडली. या संकरित पेशीला हायब्रिडोमा म्हणतात. न जुळलेल्या पेशी खास माध्यमात मरतात. उरलेल्या इतक्या विरळ करतात की तबकडीच्या एका खळग्यात एकच पेशी यावी. ही एक डोळ्याचीच लागण. १९८४ साली नील्स येर्न यांच्यासह दोघांना नोबेल मिळाले.

मिरजेतल्या एखाद्या लॅबमध्ये रक्तगट तपासताना पाहावे. काचपट्टीवर प्रतिपिंडांच्या द्रावणांचे तीन थेंब: ए गट ओळखणारा निळा अँटी-ए, बी गट ओळखणारा पिवळा अँटी-बी, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा बिनरंगी अँटी-डी. रक्त मिसळून पट्टी हलवली की मिनिट-दोन मिनिटांत ए पॉझिटिव्ह रक्त निळ्या आणि बिनरंगी थेंबात दाणेदार होते, पिवळ्यात तसेच राहते. ही द्रावणे पूर्वी माणसांच्या रक्तद्रवातून काढत; आता ती बहुधा मोनोक्लोनल असतात.

कर्करोगावरची रिटुक्सिमॅब, ट्रास्टुझुमॅब ही औषधे याच जातीची. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर जखमेत टोचायचे असे औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवले आहे. लसीने शरीराचे स्वतःचे प्रतिपिंड तयार होईपर्यंत ते राखण करते.

सर्पदंशावर मात्र अजून सरमिसळच कामी येते. बत्तीस शिराळ्याच्या शिवारात नाग, मण्यार किंवा घोणस चावली तर दवाखान्यात मिळणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते, आणि ते वेळेत मिळणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग आहे. विषात कितीतरी प्रथिने असतात. एका वंशाचा प्रतिपिंड त्यांतल्या मोजक्यांनाच धरतो. म्हणून अनेक मोनोक्लोनल प्रतिपिंड एकत्र करून प्रतिविष घडवण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत.