डिझेल इंजिनात पेट्रोल जाळणं वेगळं, डिझेल ब्लॉकवर पेट्रोल इंजिन बांधणं वेगळं

जुन्या अमेरिकन गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, "ओल्ड्समोबिलचं डिझेल इंजिन लोक पेट्रोलवर कन्व्हर्ट करतात", आणि लगेच दुसरा विचारतो की मग माझ्या बोलेरोचं पण होईल का. हा 'कन्व्हर्ट' शब्दच डोक्यात जातो माझ्या. दोन अगदी वेगळी कामं त्या एका शब्दात कोंबली जातात.

एक काम म्हणजे डिझेल इंजिन आहे तसंच ठेवायचं आणि त्याला पेट्रोल पाजायचं. दुसरं म्हणजे त्या इंजिनाचा फक्त ब्लॉक घ्यायचा, तो बिडाचा सांगाडा, आणि त्यावर नवंकोरं पेट्रोल इंजिन उभं करायचं. ओल्ड्सवाले करतात ते दुसरं. पहिलं कोणी करत नाही, केलं तर एकदाच करतो.

पेट्रोलला प्लग लागतो, डिझेलला लागत नाही, एवढं सगळ्यांना माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. खरी गाडी अडते ती कॉम्प्रेशनवर. लोक म्हणतात, पेट्रोलचा ऑक्टेन जास्त, म्हणजे ते दाबाखाली आपोआप पेटायला नाखूष, मग डिझेलच्या जास्त कॉम्प्रेशनमध्ये तर ते छानच चालायला हवं ना? ऐकायला बरोबर वाटतं आणि इथेच सगळे फसतात. डिझेल इंजिन नुसती हवा दाबते, ती तापून लालबुंद झाली की अगदी शेवटच्या क्षणी डिझेल फवारलं जातं, म्हणजे आग कधी लागणार हे पंप ठरवतो. कार्बोरेटरवाल्या पेट्रोल इंजिनात मात्र पेट्रोल आधीच हवेत मिसळलेलं असतं आणि पिस्टन वर येईपर्यंत सगळा वेळ ते मिश्रणच दाबलं जातं. ओल्ड्सच्या ५.७ लिटर डिझेलचा कॉम्प्रेशन रेशो होता २२.५:१, म्हणजे हवा साडेबावीस पट दाबली जायची. तिथे तेच मिश्रण दाबलंत तर ऑक्टेन कितीही चांगला असू दे, प्लगची वाट न बघता भलत्याच वेळी भडका उडणार आणि पिस्टनचे तुकडे गोळा करत बसाल. बरं, मग डिझेलच्याच इंजेक्टरमधून शेवटच्या क्षणी पेट्रोल फवारलं तर? तेव्हा तोच ऑक्टेन आडवा येतो, पेट्रोल वेळेवर पेट घेत नाही. शिवाय इंजेक्शन पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच, पेट्रोल तिथे कोरडंच घासतं. पेट्रोल पंपावर चुकून डिझेल गाडीत पेट्रोल भरल्यावर मेकॅनिक 'स्टार्ट मारू नका, ढकलत आणा' म्हणून ओरडतो तो ह्याच पंपासाठी.

मग "ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये जाड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन खाली आणू" म्हणणारे येतात. हिशोब करा राव. ५.७ लिटर भागिले ८, म्हणजे एका सिलिंडरला साधारण ७१५ सीसी. २२.५ रेशोला वर उरते जेमतेम ३३ सीसी जागा. तीच ९ रेशोला आणायची तर हवी ९० च्या आसपास. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०३ मिमीचा, म्हणजे गॅस्केट साडेसहा मिलिमीटरहून जास्तच जाड करावं लागेल. हे गॅस्केट नाही, पाट झाला.

म्हणून ब्लॉकवाले हेडच बदलतात. ओल्ड्सचं डिझेल हेड खालून जवळपास सपाट, छोटा प्रीचेंबर, म्हणजे आग सुरू व्हायचा छोटा कप्पा, सोडला तर जळायची जागाच नाही. पेट्रोल हेडमध्ये ती जागा हेडमध्येच कोरलेली असते. दोन्ही हेडच्या बोल्टची मांडणी तीच, एका हेडला १० बोल्ट, म्हणून पेट्रोल हेड बसवता येतं. आणि ह्याच १० बोल्टनी त्या डिझेलचं नाव खराब केलं, कारण पेट्रोलसाठी पुरणारे बोल्ट डिझेलच्या दाबाला पुरेनात आणि हेड गॅस्केट उडायची, त्यात इंधनातलं पाणी गाळायला वॉटर सेपरेटर नाही, मग पंप गंजायचा. ब्लॉक बिचारा त्यात निर्दोष होता! "पेट्रोल इंजिनालाच डिझेल बनवलं होतं" हे अर्धसत्य मी ऐकून कंटाळलोय. आराखडा पेट्रोलचा होता खरा, पण ब्लॉकचं कास्टिंग वेगळं, जाड, आणि क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे क्रँक ज्यावर ब्लॉकमध्ये टेकून फिरतो ते भाग, ३ इंची, त्याच मापाच्या पेट्रोल ३५० ला (५.७ लिटर म्हणजे ३५० घनइंच) ते अडीच इंची असतात.

ह्या ३ इंचातच सगळी मजा आहे. ओल्ड्सच्या जुन्या ४२५ घनइंची मोठ्या इंजिनाचा फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, क्रँक पण ३ इंची, त्यामुळे त्याचे काउंटरवेट (तोल साधणारी वजनं) थोडे घासून तो डिझेल ब्लॉकमध्ये बसवतात. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ३.३८५ इंचावरून ३.९७५ वर जातो आणि बोअरला हात न लावता ३५० घनइंचाचं इंजिन ४११ च्या आसपास पोचतं. पिस्टन नवे, कार्बोरेटर, इनटेक पेट्रोलचं, डिस्ट्रिब्युटर व्हॅक्युम पंपाच्या जागी, ही बाकीची किरकोळ जमवाजमव.

आपल्याकडे ह्याच्या जवळ जाणारं काम म्हणजे डिझेल बसला सीएनजीवर आणणं, दिल्लीत १९९८ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर गाजलं ते. तिथेही नुसतं इंधन बदलत नाहीत, कॉम्प्रेशन उतरवतात आणि इंजेक्टरच्या जागी प्लग बसवतात.

बोलेरोवाल्याला उत्तर: नाही. ओल्ड्सला घरातच पेट्रोलचा सख्खा भाऊ होता, हेड, क्रँक सगळं भंगारात मिळायचं. तसा भाऊ नसेल तर हेड कुठून आणणार? सरळ पेट्रोल इंजिन बसवा.

ब्लॉक घ्यायचाच असेल तर बाजूला डी किंवा डीएक्स अक्षरं ओतलेली दिसतात. डीएक्स १९८१ पासूनचा, मी तोच घेईन, पण पैसे द्यायच्या आधी क्रॅक चेक करून.