नक्षीदार पत्रा निवडताना त्याची पाठ पाहा

गाडीच्या बांधणीसाठी नक्षीदार पत्र्याचा नमुना हातात आला, की तो आधी उलटा करून पाहावा. नक्षी मागेही उमटली आहे का? पुढचं सगळं यावर ठरतं.

सपाट पातळ पत्रा मोठ्या चौकटीवर ठोकला, की इंजिन सुरू होताच थरथरतो आणि मधोमध दाबला तर टक्‌कन आत जातो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, पण वजनही दुप्पट होतं. वजन फारसं न वाढवता ताठपणा मिळवायचा तर पत्र्याला पन्हळ पाडावी. पत्रा वाकतो तेव्हा एका बाजूला ताण पडतो, दुसऱ्या बाजूला दाब. मधल्या थरावर जवळजवळ काहीच नाही. या थरापासून धातू जितका दूर, तितका तो वाकायला कठीण. पन्हळीचे चढउतार धातूला असं दूर नेऊन ठेवतात.

पन्हळी लोखंडाचं पेटंट हेन्री पामर यांनी 1829 मध्ये घेतलं. 1919 मध्ये ह्यूगो युंकर्स यांच्या कंपनीचं एफ 13 हे विमान अशाच धातूच्या कातडीने उडालं आणि 1947 मध्ये सिट्रोएनची एच व्हॅन पन्हळी अंगाने लोकांसमोर आली. मला ती फार देखणी वाटते, कारण तिची प्रत्येक रेघ कामाची आहे. पन्हळ एकाच दिशेने ताठ असते, दुसरीकडून पत्रा सहज गुंडाळता येतो. म्हणून ती एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंत गेली पाहिजे.

चेकर प्लेटची पाठ सपाट असते. नक्षी कोरलेल्या रोलरखाली धातू दाबून उठाव काढलेले असतात, ते पाय घसरू नये म्हणून. पायरीला, मालाच्या तळाला ती हवीच. बाजूच्या भिंतीला लावली तर वजन वाढतं, ताठपणा नावापुरता. जाडी उठाव धरून सांगितली की सोडून, हे मात्र विचारून घ्यावं.

दोन्ही बाजूंना उमटलेल्या नक्षीत पत्रा स्वतःच ताणला गेलेला असतो. ताणल्याने धातू कडक होतो, त्यामुळे फार टोकदार घडी घातली तर कोपऱ्यावर चीर पडू शकते. आधी तुकड्यावर घडी घालून पाहावी.

ॲल्युमिनियमची घनता आणि ताठपणा दोन्ही पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. तरी सपाट पत्रा साधारण 1.44 पट जाड घेतला, की निम्म्या वजनात पोलादाइतका ताठपणा मिळतो. फक्त तो उघड्या पोलादी सांगाड्यावर थेट बसवू नये: पाणी, त्यातही खारं पाणी, मध्ये शिरलं की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. मध्ये रबराची पट्टी किंवा रंगाचा जाड थर ठेवावा, बोल्टच्या भोकांतसुद्धा.